शून्याचा ‘ओ’ तुम्ही केलात, डेमरेज मी का भरू?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : आयात केलेल्या फेरारी 360 मोडेनाचे चुकीचे कागद, गाडीचे नुकसान आणि डेमरेजचे बिल

महोदय,

माझी गाडी जहाजाने आणणाऱ्या तुमच्या कंपनीचे डेमरेजचे, म्हणजे कंटेनर फुकटच्या मुदतीपेक्षा जास्त दिवस बंदरात राहिल्याच्या आकाराचे, बिल मिळाले. ते मी भरणार नाही, म्हणून या पत्रासोबत परत पाठवत आहे.

कंटेनर बंदरात 19 दिवस पडून राहिला, त्याचे कारण तुम्ही बिलावर ‘कस्टम्सकडून विलंब’ असे लिहिले आहे. प्रत्यक्षात घोळ तुमच्या बिल ऑफ लेडिंगमध्ये, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीत होता. झेडएफएफने सुरू होणाऱ्या माझ्या चासी नंबरात मधे ओळीने शून्ये आहेत. त्यातल्या एका शून्याच्या जागी तुमच्या माणसाने इंग्रजी ‘ओ’ टाकला. गाडीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळेना, तर कस्टम्सवाले गाडी सोडतील कशी?

‘दिसायला सारखेच असते हो,’ असे तुमचे प्रतिनिधी फोनवर म्हणाले. सारखे दिसते म्हणूनच तर 17 खुणांच्या चासी नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरतच नाहीत. रोज गाड्या आणणाऱ्या कंपनीला हे ग्राहकाने शिकवायचे का? जहाज सुटण्याआधी मी कागदाचा मसुदा दोनदा ईमेलने मागितला होता. ‘निश्चिंत राहा’ एवढेच उत्तर आले. चूक दाखवून दिल्यावरही दुरुस्त प्रत यायला 12 दिवस लागले, आणि फुकटची मुदत तेवढ्यात उलटून गेली.

आता गाडीबद्दल. करारात चाकांवरून पट्टे टाकून गाडी बांधण्याचे कबूल केले होते. कंटेनर उघडला तेव्हा मी समोर उभा होतो. मागच्या दोन्ही बाजूंचे हुक थेट सस्पेन्शनच्या खालच्या आर्ममध्ये अडकवलेले होते. वाकून हात घातला, तर अॅल्युमिनियमवर नख अडकेल इतका खोल चरा लागला. शेजारच्या सांध्यावरचे रबरी आवरण, म्हणजे बूटही फाटलेले. बॅटरी उतरली होती, टायरची हवा कमी झाली होती, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. इतके दिवस उभ्या गाडीचे तेवढे होणारच.

भरपाई मागितली तर तुम्ही समुद्री मालवाहतुकीच्या हेग-व्हिस्बी नियमांतली किलोमागे 2 एसडीआरची (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) मर्यादा पुढे केलीत. म्हणजे भंगारासारखी माझी गाडी काट्यावर चढवायची! ती मर्यादा जहाज कंपनीच्या जबाबदारीची आहे. माझ्याकडून तुम्ही ‘ऑल रिस्क’, म्हणजे लहानमोठ्या नुकसानीलाही लागू होणाऱ्या विम्याचे पैसे वेगळे घेतले होते. पॉलिसीची प्रत हट्टाने मागवली तेव्हा कळले, की विमा फक्त संपूर्ण नुकसानीचा आहे. जहाज बुडाले असते तरच मला पैसे मिळाले असते.

तेव्हा डेमरेजचे बिल लेखी रद्द करा. दोन्ही आर्म आणि बूट बदलण्याचा खर्च सर्वेअरच्या अहवालाप्रमाणे द्या. विम्याच्या हप्त्यातला फरक परत करा, आणि न काढलेली पॉलिसी काढली असे कोणी सांगितले त्याचा खुलासा पाठवा. हुक जागेवर असतानाचे फोटो, दोन्ही ईमेल आणि सर्वेअरचा अहवाल सोबत जोडला आहे. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास हेच कागद घेऊन ग्राहक न्यायालयात जाईन. फोन करू नये. फोनवरची उत्तरे ऐकून झाली आहेत.

आपला,
गाडीचा मालक