पुढच्या खोलीचा रंग

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

पुढच्या खोलीला आणि माजघराला क्रीम रंग द्यायचे मी ठरवले आहे आणि रंगाऱ्यांना आगाऊ रक्कमही पोहोचती केली आहे. तुम्हाला न विचारता हे केले, याची खंत मनात आहे. गणपतीत घरी आले होते तेव्हाच समोर बसून बोलायला हवे होते. पण बाबा म्हणाले असते की भिंतींना काय झाले आहे, आई म्हणाली असती की तेच पैसे घराच्या हप्त्यात भर, आणि दादाच्या लग्नापासून लांबत आलेले काम आणखी लांबले असते.

बाबांना पांढरा हवा आहे आणि आईला तिचा आकाशी, हे मी विसरलेले नाही. आई, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यापासून तू एकेक डोळा झाकून भिंतीकडे पाहतेस आणि एकाने निळसर दिसते, दुसऱ्याने कळकट, असे सांगतेस. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे पडत जाते आणि निळा प्रकाश अडवू लागते. शस्त्रक्रियेत बसवलेले नवे भिंग तो पुन्हा आत येऊ देते. आकाशी भिंत तुला दोन डोळ्यांनी दोन रंगांची दिसेल आणि बाबांना, त्यांची शस्त्रक्रिया होईपर्यंत, मळक्या राखाडी रंगाची. निव्वळ पांढरा घेतला तर रात्री दिव्याखाली तो डोळ्यांवर येईल. म्हणून मी दोघांचेही ऐकले नाही, त्याबद्दल रागावू नका. खोली अंधारेल ही भीतीही बाळगू नका. भिंतीवर पडलेल्या प्रकाशापैकी किती परत येतो, याचा ० ते १०० असा आकडा रंगाच्या पत्रकात दिलेला असतो, आणि पांढऱ्याचा तो ८५ च्या आसपास असतो तर मी निवडलेल्या छटेचा ७६ आहे.

छटा निवडायला मात्र मला तीन आठवडे लागले. पुढची खोली उत्तरेकडे तोंड करून आहे, तिथे ऊन येत नाही आणि जो उजेड येतो तो थंड, निळसर असतो. लिंबाकडे झुकणारे क्रीम अशा उजेडात हिरवट, आजारी दिसते. यासाठी किंचित तांबूस अंग असलेले, साईसारखे क्रीम घेतले आहे. माजघरात चार वाजल्यापासून पश्चिमेचे ऊन असते, तिथे हेच क्रीम फार पिवळे वाटेल. म्हणून तिथे त्याचीच निम्म्या ताकदीची छटा सांगितली आहे. छताला चुन्यासारखा निळसर पांढरा नको, कारण त्याच्या शेजारी क्रीम जुनाट दिसते. पांढऱ्यात याच क्रीमचा थोडा अंश मिसळून तो छताला द्यायचा आहे.

बाबा, आजोबा चुन्यात पिवडी कालवून भिंती रंगवत आणि खाली वीतभर गेरूचा पट्टा ओढत, हे तुम्हीच मला सांगितले होते. माझ्या आठवणीत चुन्यात पडते ती निळीची पुडी. बादली धरून मी तुमच्या शिडीपाशी उभी असे, आणि ओल्या चुन्याच्या वासाने डोके दुखले म्हणून आईने मला अंगणात मांडीवर घेऊन झोपवले होते. पिवडीच्या भिंती मी पाहिल्या नाहीत, पण छटा जुळवताना सारखे त्यांचेच वर्णन मनात होते. गेरूचा पट्टाही मी परत आणते आहे. शहाबादीचा करडा रंग आणि क्रीम यांना जोडायला तो लागतोच, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जमीन कुठे संपते व भिंत कुठे सुरू होते ते त्याने नजरेला लगेच कळते. उंबरठ्यालाही तोच रंग द्यायला सांगितला आहे. मागच्या पौषात जे झाले ते मला पुन्हा फोनवर ऐकायचे नाही. दारांवरचा ऑइलपेंट काढून सागवानाला पॉलिश होईल, म्हणजे चौकटही भिंतीतून वेगळी उठून दिसेल.

एक गोष्ट लिहायची राहिली आहे. आजी टेकून बसायची तिथला तेलाचा डाग आता झाकला जाईल. साधा रंग दिला तर तेल पुन्हा वर येते, म्हणून तेवढ्या जागी आधी ऑइल प्रायमर मारावा लागणार आहे. आई, तू दर दिवाळीला ती जागा सोडून भिंत पुसतेस, हे मी पाहिले आहे. तिची आरामखुर्ची तिथून हलणार नाही, हे रंगाऱ्यांना बजावून सांगितले आहे.

आता हे मात्र ऐकायचेच. साताऱ्याचा पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळतो, तेव्हा काम त्यानंतरच सुरू होईल. न्हाणीलगतची ओलसर भिंत पुरती वाळल्याशिवाय तिला हात लावू द्यायचा नाही, मग ती दिवाळीनंतर झाली तरी चालेल. तसबिरी रंगारी उतरवतील, बाबांनी स्टुलावर चढायचे नाही. भिंतींचा रंग पाण्यातला आहे, त्याला फारसा वास नसतो, पण खरवडताना धूळ उडेल आणि बाबांचा खोकला वाढेल, म्हणून ते दोन दिवस आणि पॉलिशचे चार दिवस तुम्ही दादाकडे राहायचे आहे; वहिनीशी माझे बोलणे झाले आहे, बाबांच्या पथ्याचे तिला ठाऊक आहे आणि आईची गादी तिकडे पोहोचवायची व्यवस्थाही केली आहे. देवघर शेवटच्या दिवशी, पूजा आटोपल्यावर, आईसमोरच रंगवतील. सगळे डबे एकदम आणून एका पिंपात ढवळायला सांगितले आहेत, कारण यंत्रावर कालवलेला रंगही डब्यागणिक थोडा बदलतो. रंगाऱ्यांशी पैशांचे बोलू नका, ते माझ्याकडे सोपवा.

ट्यूबलाइट ६५०० केल्विनच्या, म्हणजे थंड निळसर उजेडाच्या आहेत, त्यांखाली हे क्रीम फिकट आणि निर्जीव दिसेल. बसायच्या जागी मी ३००० चे, म्हणजे पिवळसर उबदार उजेडाचे दिवे पाठवते आहे, स्वयंपाकाच्या ओट्यावर ४००० चा, आणि बाबांच्या वर्तमानपत्रासाठी टेबलावरचा वेगळा दिवा.

येत्या रविवारी रंगारी दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवून जातील. ओला रंग पाहून मत देऊ नका. पूर्ण वाळला की सकाळी, चार वाजता आणि दिवा लावल्यावर असे तीनदा पाहा, आईने दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळे पाहावे, आणि सोमवारी रात्री मला फोन करा. नकोच वाटला तर छटा तेवढ्यापुरती बदलता येईल. तोपर्यंत मी पुढचे डबे आणायला सांगत नाही.

तुमची,
धाकटी