ड्रायव्हरने कुठे थांबावं हे सांगणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

आमच्या सेट-टॉप बॉक्समधल्या लिनक्सला रिमोट कळावा म्हणून ड्रायव्हर (हार्डवेअर आणि लिनक्स यांना जोडणारा प्रोग्रॅम) लिहायला घेतला, तेव्हा तुम्ही ना आमच्या कंपनीत होता, ना आमचं काही देणं लागत होता. तरी रविवारची दुपार मोडून व्हिडिओ कॉलवर बसलात. त्याबद्दल हे जाहीर आभार.

तुम्ही कोड उघडूच दिला नाहीत. आधी रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या रिसीव्हरच्या पिनला स्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावायला सांगितलात आणि व्हॉल्यूमचं बटण दाबून धरायला लावलंत. पडद्यावर दिसलं: ९ मिलिसेकंदांचा पल्स (सिग्नल चालू), साडेचार मिलिसेकंदांची गॅप (सिग्नल बंद), मग ३२ बिट. पल्स सगळे सारखेच, साधारण ५६० मायक्रोसेकंदांचे. शून्य की एक, ते पुढची गॅप ठरवते. एवढं डेटाशीटमध्येही होतं. पण "बोट उचलू नका, पुढे बघा," म्हणालात. तिथे दर ११० मिलिसेकंदांच्या आसपास नुसती छोटी रिपीट फ्रेम येत होती, बटणाचा कोड नसलेली. बोट काढलं की काहीच नाही. बटण सुटलं हे आमच्यासारखा एनईसी प्रोटोकॉलचा (सिग्नल पाठवायच्या त्या पद्धतीचा) रिमोट कधी सांगतच नाही; काही वेळ फ्रेम आली नाही, तर सुटलं असं धरायचं. फिलिप्सच्या आरसी-५ प्रोटोकॉलमध्ये टॉगल बिट असतो, बटण नव्याने दाबलं की उलटणारा, म्हणजे तिथला हिशेब आणखी निराळा. हे सगळं प्रत्येक ड्रायव्हरने आपापलं लिहायचं तर दर रिसीव्हरमागे तोच घोळ!

म्हणून तुमचा आग्रह: पल्स आणि गॅप किती टिकले तेवढंच ड्रायव्हरने वर कळवावं. डीकोडिंग आणि बटण सुटल्याचा टायमर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) आरसी-कोअरने, म्हणजे सगळ्या रिमोट ड्रायव्हरांच्या सामाईक भागाने, सांभाळावा. कुठला कोड म्हणजे कुठलं बटण, हा तक्ता आयआर-कीटेबल या टूलने कर्नलच्या बाहेरून भरावा. "घरात रिमोट बदलतो, बोर्ड तोच राहतो," हे तुमचं वाक्य आमच्या फळ्यावर अजून आहे. मावरो कार्व्हालो शेहाब, डेव्हिड हार्डेमन, जॅरॉड विल्सन या मंडळींनी २०१० च्या सुमारास ही रचना उभी केली, तेही तुमच्याकडूनच कळलं. २०१८ पासून तर नवा प्रोटोकॉल बीपीएफ प्रोग्रॅम (चालू कर्नलमध्ये भरता येणारा छोटा प्रोग्रॅम) म्हणून बाहेरूनच चढवता येतो. मला ही फार मोठी सोय वाटते.

पुढे आमचा रिमोट बदलला, आरसी-६ या दुसऱ्या प्रोटोकॉलवाला आला. प्रोटोकॉल चालू केला, नवा तक्ता भरला. ड्रायव्हरची एक ओळही हलली नाही.

त्या फाइलच्या वर, आभारांत, तुमचं नाव घालायचं आहे. कसं लिहू ते कळवा.

तुमचा नम्र,
रिमोटवाला