सेंट लुईसला मुक्काम कर

चि. बंड्या,

अनेक आशीर्वाद.

रात्रीचा दीड वाजलाय. तू वर झोपलायस, किंवा झोपायचं सोडून कुठल्यातरी अमेरिकन फुटबॉल सामन्यातल्या थर्ड डाउनची, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाची, फिल्म बघत बसलायस. दाराखालून उजेड दिसतोय. बाहेर ड्राइव्हवेमध्ये तुझी गाडी गच्च भरून उभी आहे. मागच्या काचेतून काही म्हणजे काही दिसत नाही, हे मी मघाशी कोट घालून मुद्दाम बघून आले. पण हे पत्र गाडीबद्दल नाही. आधीच सांगते, म्हणजे तू पुढे वाचशील.

मराठीत लिहितेय, कारण मराठी तू सावकाश वाचतोस. इंग्रजीत लिहिलं तर अर्ध्या मिनिटात खाली पोचशील आणि "ओके आई" म्हणून मोकळा होशील. रविवारच्या मराठी शाळेत तुला ओढत नेलं, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

जेवताना ते वाक्य माझ्याच तोंडून गेलं. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं किती वर्षं?" बाबांना त्यात धरू नकोस. ते बिचारे आमटी वाढून घेत होते. तू अर्धी भाकरी टाकून उठलास आणि जिन्यावरून म्हणालास, की माझ्या कामाला तुम्ही दोघांनी कधी काम म्हटलंच नाही. हे खरं नाही. पहिली दोन वर्षं खरं होतं. त्यानंतरचं खरं नाही.

त्या सोमवारचं मला अजून पचलेलं नाही. रविवारी तुमच्या कॉलेज टीमच्या हेड कोचला काढलं, तर सोमवारी सकाळी तुझं कार्ड दाराला लागेना. तीन वर्षं पहाटे साडेपाचला जे दार तू उघडत होतास, त्याच दाराबाहेर तू बर्फात उभा. हेड कोचला कराराचे उरलेले पैसे मिळणार, आणि तुम्हाला पगार महिनाअखेरपर्यंत. तुझे बूट आत, वह्या आत, मी दिलेला राइस कुकर आत. तू हसत सांगितलंस, "आई, अख्खा स्टाफच जातो, हे असंच असतं." मीही फोनवर हसले. मग फोन ठेवून लॉन्ड्रीच्या खोलीत जाऊन बसले. कुकर मिळाला का रे शेवटी? तू नीट सांगितलंच नाहीस.

तर आता नवी नोकरी ओक्लाहोमात. डिफेन्सिव्ह क्वालिटी कंट्रोल. बाबांना आधी वाटलं, कारखान्यात असतं तसलं काहीतरी. मी त्यांना समजावलं, बरं का. म्हटलं, समोरच्या टीमचा एकेक प्ले कापून त्याच्यावर चिठ्ठी लावायची: कितवा डाउन, किती यार्ड हवेत, बॅक नि टाइट एंड या जागांवर खेळाडू किती, कोण आधी हलला. मग त्याची कार्डं काढायची, म्हणजे सरावाला आपलीच पोरं समोरची टीम बनून तसं खेळतात. पूर्वी या पदावरच्या माणसाला मैदानात शिकवायची परवानगी नव्हती, २०२४ मध्ये नियम बदलला, आता आपला मुलगा शिट्टी गळ्यात घालून उभा राहू शकतो. बाबा माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "तुला हे कधीपासून कळायला लागलं?"

कधीपासून ते तुला माहीत आहे. गेल्या मे महिन्यात तू ओट्यावर माझा मसाल्याचा डबा उपडा केलास, तेव्हापासून. चार लसणाच्या पाकळ्या पुढे, त्यांच्यामागे तीन वेलदोडे, दोन कडांना दोन लवंगा आणि सगळ्यात मागे दोन जायफळं. डिफेन्सचे अकरा खेळाडू. जायफळं म्हणजे सेफ्टी, सगळ्यात मागचे राखणदार, म्हणजे शाळेत तू जिथे उभा राहायचास ती जागा. बॉल हलेपर्यंत दोन्ही जायफळं मागे एका ओळीत. समोरच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकणाऱ्याला, वाटतं, मागचं मैदान यांनी दोघांत वाटून घेतलंय. आणि बॉल हलला की एक जायफळ खाली सरकतं, दुसरं मधोमध जातं, आणि त्याने मनात धरलेलं सगळं चुकतं. तू ते जायफळ बोटाने पुन्हा पुन्हा सरकवत होतास. इतकं हळू, की मला तुझ्या पहिलीतल्या पाटीची आठवण झाली. मी म्हटलं, आत्या रमीत हेच करते, शेवटपर्यंत कळू देत नाही हातात काय आहे ते. तू एवढा खूश झालास, की तुझ्या मीटिंगमध्ये आत्याचं उदाहरण देणार म्हणालास. दिलंस का?

त्या दिवशी मला कळलं, की हे काम आहे. सांगायचं राहून गेलं. ते एक जायफळ मला अजून सापडलेलं नाही.

तू उठून गेल्यावर मी बसून विक फँजिओ या डिफेन्सच्या कोचचं आयुष्य विजेच्या बिलामागे लिहून काढलं. तूच नेहमी त्याचं नाव घेतोस, म्हटलं बघू तरी. डनमोरचा, स्क्रँटनजवळचा, म्हणजे आपल्यापासून अडीच तासांवरचा. आधी गावातल्या शाळेत कोच. मग १९८३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे शिकाऊ कोच, तुझ्यासारखा. मग फिलाडेल्फिया स्टार्स ही टीम, तर तिची लीगच तीन सीझनमध्ये बंद पडली. मग न्यू ऑर्लिन्सला लाइनबॅकर्सचा, म्हणजे मधल्या फळीचा, कोच, १९८६ पासून नऊ सीझन. मग कॅरोलायना, इंडियानापोलिस, ह्यूस्टन, बॉल्टिमोर, स्टॅनफर्ड, सॅन फ्रान्सिस्को, शिकागो. साठाव्या वर्षी पहिल्यांदा हेड कोच, डेन्व्हरला, आणि तीन सीझननंतर तिथून काढलं. मग मायामी, एकच वर्ष. मग आपलं फिलाडेल्फिया.

बिलाची पाठ भरली.

आणि पुढचं तर आपण इथेच बसून पाहिलं, ९ फेब्रुवारी २०२५ ला, सुपर बोलमध्ये. म्हणजे मी नि बाबांनी पाहिलं, तू फोनवर होतास. कॅन्सस सिटीच्या क्वार्टरबॅकला, माहोम्सला, सहा वेळा पाडलं आणि एकदाही ब्लिट्झ नाही, म्हणजे मागच्या कुणाला त्याच्यावर धाडलं नाही. पुढच्या चौघांनीच काम केलं, मागचे सगळे आपापल्या जागी. हाफटाइमला २४–० आणि शेवटी ४०–२२. बाबा सोफ्यावर उभे राहिले होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस. सामना न्यू ऑर्लिन्सला होता, त्याच डोममध्ये जिथे हा माणूस ऐन तिशीत लाइनबॅकर्सना शिकवत होता. ६६व्या वर्षी विजेतेपदाची पहिली अंगठी. तू फोनवर रडत होतास, मला कळलं होतं.

पण बंड्या, मी आई आहे. तुला त्या यादीत अंगठी दिसते. मला दिसतात खोकी. एवढ्या वेळा कुणीतरी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली असतील. आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला दर वेळी कुणीतरी गाडी चालवत गेलं असेल, रात्रीचं, कारण या धंद्यात सगळ्यांना माणूस उद्याच हवा असतो. तू तसं जाऊ नकोस. कोलंबसला एक मुक्काम कर, सेंट लुईसला दुसरा. चौदाशे मैल आहेत. सोमवारी पोचायचं आहे, आज शुक्रवार आहे, मी बोटं मोजली आहेत.

गाडीबद्दल लिहिणार नव्हते.

तुझ्या आजोबांचं, अण्णांचं सांगते. ते पाटबंधारे खात्यात होते हे तुला माहीत आहे, पण बदलीची नोकरी म्हणजे काय ते तुला कधी सांगितलं नाही. धोम, मग उजनी, मग पैठण. मधली लहान गावं सोडून देते. दर तीन वर्षांनी पत्र्याच्या ट्रंका, आणि आईची तुळस डालड्याच्या डब्यात. मी पाच शाळा बदलल्या. उजनीला भीमानगरच्या वसाहतीत आम्ही आलो ते वर्षाच्या मधेच, चौथीत. बाईंनी मला शेवटच्या बाकावर बसवलं आणि दिवाळीपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही. सगळ्या क्वार्टर्स एकसारख्या. पहिल्या आठवड्यात मी शाळेतून येऊन दुसऱ्यांच्याच घरात शिरले, दप्तर ठेवलं, पाणी प्यायले, तेव्हा कळलं की ही आपली आई नव्हे. ती बाई हसली नाही. तिने मला गूळ-शेंगदाणे दिले आणि हाताला धरून घरी आणून सोडलं.

आणि ज्या कालव्यावर अण्णांनी तीन वर्षं उन्हात काढली, त्यात पाणी सोडलं तेव्हा आम्ही पुढच्या गावी होतो. त्यांनी ते पेपरात वाचलं. चष्मा पुसला, कात्री मागितली, बातमी कापून पाकिटात ठेवली. ते गेल्यावर पाकिटात सापडली, घडीवर फाटलेली.

तुझा तो फ्रेशमन कॉर्नरबॅक, ज्याचे पाय मागे पडतात म्हणून तू त्याला रोज सरावानंतर वीस मिनिटं थांबवायचास, त्याला आता दुसराच कोच खेळवेल. त्याचा सामना कधी आहे ते कळव. आम्ही लावू.

बाबांचं एक सांगायचंय. ॲक्चुअरीच्या, म्हणजे विम्याच्या गणिताच्या, परीक्षांचा विषय ते आता काढणार नाहीत, मी कबूल करून घेतलंय. (तीन झाल्यात, उरलेल्या कधीही देता येतात, हे मी सांगतेय, ते नाही.) पण गेल्या महिन्यात तेच मला रॉबर्ट सालेह या फुटबॉल कोचची गोष्ट सांगत होते. डिअरबॉर्नचा मुलगा, घराणं लेबननचं. डेट्रॉइटमध्ये बँकेत चांगली नोकरी. ११ सप्टेंबर २००१ ला त्याचा भाऊ वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये होता, वाचला. त्यानंतर याने बँक सोडली आणि मिशिगन स्टेटला ग्रॅज्युएट असिस्टंट झाला. वीस वर्षांत न्यू यॉर्क जेट्सचा हेड कोच. हे सांगताना बाबांचा आवाज कसा झाला होता म्हणून सांगू! "बघ," म्हणाले, "आपल्यासारखीच माणसं." मग मीच विचारलं, पुढे काय झालं? तर ऑक्टोबर २०२४ मध्ये सीझनचे पाच सामने झाले आणि काढलं. पुढच्या वर्षी पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोत, पुन्हा डिफेन्स. बाबा गप्प झाले. मीही भाजी निवडत राहिले. बँक सोडली तेव्हा त्याची आई काय म्हणाली असेल, हे मात्र कुणी लिहीत नाही.

बघ, पुन्हा भाषण झालं. माफ कर. तू सव्वीस वर्षांचा आहेस. तुझ्याएवढी असताना मी दोन सुटकेस घेऊन इकडे आले, विमानतळावर बाबांना ओळखायला मला पाच मिनिटं लागली होती. माझ्या आईने तेव्हा मला काहीच उपदेश केला नाही. फक्त म्हणाली, "रात्रीचा प्रवास करू नकोस." विमानाला निघालेल्या मुलीला! मी हसले होते. पण शिरवळनंतर तिने आमच्यापैकी कुणालाच रात्रीच्या गाडीने जाऊ दिलं नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मामाची झोप कितीशी होती, दोन-तीन सेकंद. गाडी तर सरळ रस्त्यावर होती. तू ऑफिसातल्या सोफ्यावर चार तास झोपून दिवस काढतोस आणि वर सांगतोस की सवय झाली आहे. झोपेची सवय होत नसते, बाळा.

झालं. एवढंच होतं. डिफेन्स, बदल्या, पगार, कशाचंच मला एवढं काही नाही. म्हणजे आहे, पण त्याची मला सवय होईल. विंचवाचं बिऱ्हाड म्हणाले ते मनाला लावून घेऊ नकोस. ते आमच्याच घरातलं आहे. अण्णांना त्यांची आई म्हणायची.

हे पत्र डब्यात चिवड्याच्या पिशवीखाली ठेवतेय. तुला भूक कोलंबसच्या आधीच लागते, म्हणून तेव्हा सापडेल असा हिशोब आहे. मेतकुटाची बरणी मागच्या सीटवर उशीत गुंडाळली आहे, झाकण पक्कं बघ. पोचल्यावर नवा पत्ता कळव, संक्रांतीला तिळगूळ कुठे पाठवू? ऑफिसचा पत्ता चालेल, पण बिल्डिंगचं नाव नीट दे.

आणि सेंट लुईसला फोन करायची गरज नाही. हॉटेलच्या खोलीच्या दाराचा नंबर दिसेल असा फोटो पाठव, पुरे.

तुझी,
आई

ता. क. पावणेतीन झालेत. बाबा टॉर्च घेऊन बाहेर गेलेत. तुझ्या गाडीच्या खिडकीतली खोकी उतरवून मागच्या काचेपुरती जागा करतायत. तुझ्या वह्यांचं एक खोकं इथेच राहील, ते पोस्टाने पाठवू. मागचा डावा टायर कमी होता, हवा भरली आहे. तुला सांगू नको म्हणालेत.