दिवाडीवरचा फादो

मा. संपादक, नमस्कार.

पेपरात गोवा म्हटलं की बीच नि कॅसिनोच असतंय, म्हणून लिहितोय. गेल्या महिन्यात चोर्ला घाटातनं जुन्या गोव्याला गेलो, तिथनं गाडी फेरीबोटीत चढवून मांडवी ओलांडली की दिवाडी बेट. जेवायला गरम पोई (तिकडचा पाव), खोबरं-मसाला भाजून वाटलेली शाकुती, शेवटी गोड म्हणून बेबिंका (आमच्या बेळगावच्या कुंद्याची सर नाही हं, पण एकेक थर सोडवून खायला मजा येते). रात्री आम्ही उतरलो होतो त्या घरमालकांच्या मुलीनं फादो म्हटला, साथीला १२ तारांची पोर्तुगीज गिटार, २०११ ला युनेस्कोनं वारसा यादीत घेतलेलं लिस्बनचं गाणं हे, शब्द एक कळला नाही तरी आमची आई डोळ्याला पदर लावून बसली. असलं पण छापा की ओ कधीतरी.

एक वाचक, शहापूर, बेळगाव