बाइंडरकाकांना पत्र, कागदी जहाजाबद्दल

ती. बाइंडरकाका,
सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी जहाज पूर्ण झालं. शेवटची डोलकाठी बाबांनी स्वतः बसवली. दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन दुकानात आले, तर तुम्ही दोन पेढे घेतलेत, बाकीचा पुडा माझ्याच पिशवीत परत घातलात आणि मजुरीचं नावही काढू दिलं नाहीत. “ताई, आमचं काय त्यात? कागद तुमचा, कष्ट तुमचं,” म्हणालात. त्यात तुमचं काय होतं, ते मला चारचौघांत सांगायचंय. म्हणून हे उघड पत्र.

वाचणाऱ्यांसाठी आधी, ज्या जुन्या पोलिश मासिकाच्या अंकातून हे जहाज आलं, त्या अंकांची हकीकत सांगते. तुम्हाला ती तुकड्यातुकड्यांनी माहीत आहेच, खळ वाळेपर्यंत आपण तेच बोलत बसायचो.

१९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत राजवटीनं घरादारातून उचलून सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलेली ही माणसं इराणमार्गे इथं पोचली होती. जवळपास पाच हजार, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. माझ्या आजीचे वडील छावणीत दूध घालायचे. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या आजीची तिथल्या तिच्याच वयाच्या एका मुलीशी गट्टी जमली. ती मुलगी आईबरोबर मायदेशी परतली आणि पुढं समुद्रकाठच्या ग्दिन्या शहरात राहिली. पत्रं मात्र कधी थांबली नाहीत. ती इंग्रजीत लिहायची, आजोबा वाचून दाखवायचे, आजी मराठीत सांगायची, आजोबा उलट लिहायचे.

बाबांचा जन्म १९६० चा. ते शाळेत जायला लागल्यावर त्या पत्रांबरोबर ‘मावी मोडेलाश’चे अंक यायला लागले. १९५७ मध्ये सुरू झालेलं हे पोलिश मासिक. नावाचा अर्थ ‘छोटा मॉडेलकार’. अंक उघडला की गोष्टी-कविता नाहीत, थेट छापील सुटे भाग: विमानं, जहाजं, रणगाडे. कापायचे, घडी घालायची, चिकटवायचे. बाबांनी त्यातली दोन विमानं लहानपणीच केली आणि उडवून मोडली. उरलेले अकरा अंक आजीनं जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवले होते.

त्या अकरांत ‘ब्विस्काविट्सा’चा अंक होता. ब्विस्काविट्सा ही पोलिश नौदलाची विनाशिका, नावाचा अर्थ वीज. बाबांनी मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तसं लिहूनही ठेवलंय. पंधराव्या वर्षी त्यांनी जहाजाचा आतला सांगाडा केला होता. मग शिक्षणासाठी कराडला गेले, आणि तो सांगाडा बिस्किटांच्या डब्यात तसाच पडून राहिला. गेल्या उन्हाळ्यात डबा सापडला. बाबांचा हात आता थरथरतो. त्यांनी डबा उघडला, सांगाडा टेबलावर ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. तेव्हा मी ठरवलं, याला अंगावरचं कातडं चढवायचं.

मी घाई केली. रंगीत झेरॉक्स काढून आणली, जाड कागदावर, आणि दोन रात्री बसून कापाकापी केली. धुराडं गोल वळेना, त्याला कोन पडत गेले. जहाजाची बाजू सांगाड्यावर लावली तर नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाला, बोटभर कमी पडली. वाटलं, मूळ पानंच कापावीत, ती तर बरोबर बसणारच. त्यासाठी कटरची पाती आणि पुठ्ठा घ्यायला तुमच्या दुकानात आले. अंक पिशवीतच होता.

तुम्ही पुठ्ठा दिलाच नाहीत. आधी अंक हातात घेतलात, पान उजेडात धरलंत आणि विचारलंत, “हे कापणार? मग पुन्हा कुठनं आणणार?”

काका, त्या दिवशी तुमच्याकडं वकिलांच्या फायलींचा ढीग होता. कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच झाल्यापासून तुमच्या दुकानात श्वास घ्यायला वेळ नसतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तरी तुम्ही गिऱ्हाईक थांबवून माझ्या झेरॉक्सवर स्टीलची पट्टी ठेवलीत. मूळ पानावर शंभर मिलिमीटर भरणारी रेघ झेरॉक्सवर सत्त्याण्णव भरत होती. दुकानदारानं पान कागदात मावावं म्हणून आकार आपोआप लहान होऊ दिला होता. शंभरात तीन म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण हातभर लांबीच्या जहाजाला तेवढ्यानं नाळ उघडी पडते. आणि बाबांचा सांगाडा पूर्ण मापाचा होता. मी दोन रात्री त्याच्यावर चिडत होते. चूक त्याची नव्हतीच.

मग तुम्ही मला कागद शिकवलात. हे मला आयुष्यभर पुरेल. एका कागदाचे दोन चौकोनी तुकडे केलेत, एक उभा फाडलात, एक आडवा. एक सरळ रेघेत फाटला, दुसरा वेडावाकडा. “कागदालाबी उभं-आडवं असतंय, ताई. मशीनवर तयार होताना त्याचं तंतू एका दिशेला निजत्यात. त्या दिशेनं तो ऐकतोय, आडवा धरला की मोडतोय.” मग पाण्याचा हात फिरवून दाखवलंत की ओला झाल्यावर तंतूंच्या आडव्या दिशेला तो जास्त फुगतो. म्हणूनच पुस्तकात तंतू कण्याला समांतर लागतात, नाहीतर पानं कधी नीट उघडत नाहीत. आणि म्हणूनच माझं धुराडं कोनाकोनाचं झालं होतं: नळी करायची तर तंतू नळीच्या लांबीत हवेत, माझे आडवे होते.

यावर तुम्ही काढलेला उपाय मला एकटीला कधीच सुचला नसता. अंकाच्या गंजलेल्या पिना पात्याच्या टोकानं अलगद उचलल्यात, पानं सुटी करून सपाट केलीत आणि ओळखीच्या प्रेसमध्ये माझ्यासमोर शंभर टक्के मापानं स्कॅन करवून घेतलीत. प्रत्येक पानाच्या दोन प्रती छापायला लावल्यात, एक उभ्या तंतूंच्या कार्डावर, एक आडव्या. ज्या भागाला ज्या बाजूनं वळायचंय, तो त्या प्रतीतून कापायचा. अर्धा कागद वाया गेला, पण धुराडं पहिल्या फटक्यात गोल झालं.

सूचना पोलिशमध्ये होत्या आणि आपल्या दोघांनाही ती येत नाही. तुम्ही बोट ठेवून ‘कार्टन’ शोधलंत. “हे पुठ्ठ्यावर चिकटवायचं असणार,” म्हणालात, आणि तेच होतं. ‘व्रेंगा’ म्हणजे जहाजाची बरगडी, हे बाबांना अजून पाठ होतं. आजीच्या मैत्रिणीनं पत्रातून कळवलं होतं म्हणे. त्या बरगड्या पन्नास वर्षांत थोड्या वाकल्या होत्या. तुम्ही त्या टीपकागदात घालून चार दिवस प्रेसखाली ठेवल्यात. कसरीनं खाल्लेल्या दोन जागी मोरचूद घातलेली खळ भरलीत. जोडांना मात्र खळ लावू दिली नाहीत, पाणी जास्त म्हणून. तिथं फेविकॉल, तेही दातकोरणीच्या टोकावर येईल तेवढंच. घडीच्या रेघा सुकलेल्या बॉलपेननं दाबायच्या, कापलेल्या पांढऱ्या कडांना जलरंगाचा हात द्यायचा, तोफांच्या नळ्या दाभणावर वळायच्या. पहिल्या सहा नळ्या मी बिघडवल्या. तुम्ही एकही माझ्या हातातून घेऊन स्वतः केली नाहीत. सातवी नीट झाली तेव्हा नुसतं “हं” म्हणालात. ते “हं” मी घरी येऊन बाबांना सांगितलं.

नळ्या वळताना बाबा त्या जहाजाची हकीकत सांगायचे. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन दिवस आधी, ३० ऑगस्ट १९३९ ला, ते आणखी दोन विनाशिकांबरोबर ब्रिटनला निघालं. जोडीची ‘ग्रोम’, म्हणजे मेघगर्जना, पुढच्या वर्षी नॉर्वेतल्या नार्विकजवळ बुडाली. मे १९४२ मध्ये ब्विस्काविट्सा इंग्लंडमधल्या काउज गावात दुरुस्तीला उभी होती, जिथं ती बांधली गेली त्याच गोदीत. जर्मन बॉम्बफेकी विमानं आली, तेव्हा तिच्या खलाशांनी गावावर धुराचा पडदा पसरला आणि रात्रभर तोफा डागत राहिले. काउज अजूनही त्यांची आठवण काढतं. १९७६ पासून ती ग्दिन्याच्या धक्क्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. आजीच्या मैत्रिणीचं गाव तेच. आपल्याकडं वळिवड्याहून परतलेली मुलगी मोठी होऊन ज्या जहाजाजवळ राहत होती, त्याचंच चित्र तिनं कोल्हापूरच्या पोराला धाडलं. आणि ते पोरगं पासष्टाव्या वर्षी त्याची डोलकाठी बसवत होतं. बाबांनी त्यासाठी उजव्या हाताचं मनगट डाव्या हातात घट्ट धरलं होतं. चौथ्या खेपेला डोलकाठी भोकात बसली. मी आणि आई श्वास धरून उभ्या होतो.

मूळ पानं न कापलेली, जशीच्या तशी आहेत. तुम्ही त्यांच्यासाठी निळ्या बाइंडिंग कापडाची, नाडीची पेटी केलीत आणि वर चिठ्ठी लावलीत: ‘वीज. कापू नये.’ मी त्या संध्याकाळी पाती मागितली आणि तुम्ही ती देऊन टाकली असतीत, तर आज त्या पेटीत काही नसतं. एवढ्यासाठी, काका, मनापासून आभार. बाबांचा नमस्कार वेगळा आहे. तो ते स्वतः सांगणार आहेत.

तुमचं दाभण अजून माझ्याकडंच आहे. गुरुवारी आणून देते. दहा अंक उरलेत, त्यातला एक बरोबर आणीन: उंच पंखांचं विमान आहे आणि पंखाला मध्येच बाक आहे. तिथं तंतू कुठल्या बाजूनं घ्यायचे, ते मला कळत नाहीये. बाबाही येतायत. त्यांच्यासाठी ती खिडकीजवळची खुर्ची रिकामी ठेवा.

आपली नम्र,
तुमची ‘पोलंडवाली ताई’