शिंक येण्याआधी

विश्रामबाग, सांगली

चि. स्वाती हिस,
अनेक आशीर्वाद.

शिंकलं किंवा बाळाला उचललं की थेंबभर लघवी होते, हे फोनवर सांगितलंस ते फार बरं केलंस. आपल्या घरात कुणी बोलत नाही. तुझी आजी याच भीतीने गणपतीच्या देवळात जायचं टाळायची आणि विचारलं तर गुडघ्यांचं नाव सांगायची. बाळंतपणानंतर पुष्कळजणींना हा त्रास होतो, पण म्हणून तो सोसत बसायचा नसतो.

शेकशेगडी, डिंकाचे लाडू, पोटपट्टा सगळं झालं. पण पट्ट्याने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंना बळ येत नाही. ते पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय, सगळ्यांचा भार त्यांच्यावर.

गुडघे दुमडून उताणी झोप. नाकाने श्वास घे, पोट फुगू दे. तेव्हा छातीखालचा पडदा खाली सरकतो आणि हे स्नायूही सैलावतात, म्हणून त्या वेळी काही करायचं नाही. मग सावकाश श्वास सोडत, लघवी आणि वायू दोन्ही रोखल्यासारखं आत-वर ओढ. ३ ते ५ सेकंद धर आणि तेवढाच वेळ पूर्ण सैल सोड. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. जमेल तसं १० सेकंदांपर्यंत ने. मांड्या, कुल्ले आवळायचे नाहीत. श्वास तर मुळीच कोंडू नकोस. नीट सैल सोडणं हाही व्यायामच आहे, त्यात घाई नको.

डॉ. आर्नल्ड केगल यांनी १९४८ साली हे मांडलं, म्हणून डॉक्टर 'केगल' म्हणतात. योगवर्गातला मूलबंध याच्याच जवळचा, पण श्वास रोखून केलेला बंध तुला सध्या नको. लघवीची धार मध्येच अडवून सराव करायचा नाही. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळ, मग शिंक. बाळाला उचलतानाही तसंच, श्वास सोडत. पाण्याच्या बादल्या जावईबापूंना उचलू देत, त्यात संकोच कसला? शौचाला कुंथू नकोस, पाणी भरपूर पी.

फरक पडायला काही आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. दुखलं किंवा खाली काही उतरल्यासारखं वाटलं तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखव. एरवीही दिवाळीला आलीस की आपण दोघी फिजिओथेरपिस्टकडे जाऊन येऊ, बरोबर जमतंय का ते त्या तपासून सांगतील. तेवढा वेळ बाळ बाबांकडे राहील.

तुझी,
आई