चर्चचं घर फोटोत भारी दिसतं, पण...

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या चर्चमध्ये थाटलेल्या घरांचे फोटो छापलेत, मस्तच आहेत, पण खर्च नि कटकटींबद्दल एक ओळ नाही म्हणून लिहितेय. आम्ही वेल्समध्ये एका बंद पडलेल्या चॅपलमध्ये, म्हणजे चर्चसारख्याच प्रार्थनाघरात, राहतो. इथे अशी चॅपल भरपूर, बरीचशी १९व्या शतकातली, आता प्रार्थनेला माणसंच उरली नाहीत म्हणून विकायला निघतात.

किंमत कमी वाटते हो, पण इमारत लिस्टेड, म्हणजे सरकारच्या वारसा यादीत, असली की खिडकी बदलायलाही परवानगी काढा, आणि छतात वटवाघळं निघाली तर काम थांबलंच समजा, त्यांना इथल्या १९८१च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे (आपल्याला कुठलंच नाही!). थंडीचं तर विचारूच नका, छत एवढं उंच की गरम हवा सगळी वर आणि आपण खाली स्वेटर घालून. त्यात आधी कुणीतरी दगडी भिंतींना सिमेंटचा गिलावा मारलेला, त्याने ओल आतच कोंडते, तो सगळा काढून चुन्याचा करावा लागला कारण चुना ओल बाहेर सोडतो. आपल्याकडे जुन्या वाड्यांनाही लोक असंच सिमेंट थापतात आणि मग पोपडे निघाले म्हणून ओरडतात.

आवारात कबरी असतील तर नातेवाईकांच्या येण्याजाण्याचं कागदपत्रांत काय लिहिलंय ते आधी बघा. आमच्याकडे एक आजी फुलं घेऊन येतात, सासूबाई आल्या होत्या तेव्हा आधी घाबरल्या, नंतर दोघींचा चहा सुरू.

पुढच्या वेळी फोटोंसोबत गवंड्याचं बिल पण छापा.

– एक वाचक, वेल्स